बाकड्यावरचे अभिप्राय

केंद्राचं शटर अर्धंच वर गेलंय आणि बाहेरच्या बाकड्यावर जागा उरलेली नाही. 2025 चा डिसेंबर निम्मा सरलाय. घाटंजीहून पारव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या ह्या गावात सकाळचे नऊ वाजले तरी माणसं कानाला मफलर गुंडाळून बसली आहेत. कापसानं फुगलेला एक मेटॅडोर जातो आणि त्याचे पांढरे पुंजके कडेच्या बाभळीला लटकून राहतात. वेचणीचे दिवस आहेत. ह्या दिवसांत अर्धा दिवस मोडून इथं येणं कुणालाच परवडत नाही, तरी माणसं आली आहेत. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड, पासबुक, सातबारा, आठ-अ आणि दोन फोटो.

पाटीवर लिहिलंय, आपले सरकार सेवा केंद्र. आत एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, लॅमिनेशनचं मशीन आणि भिंतीवर सेवांचा दरफलक. शेजारी 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा तक्ता आहे, कोणता दाखला किती दिवसांत मिळायला हवा ते सांगणारा. चालक पंचविशीतला, यवतमाळला बी.कॉम. करून गावी परतलेला. म्हातारी माणसं त्याला बाबू म्हणतात, बाकीचे भाऊ. तो बायकांना मावशी म्हणतो, वडीलधाऱ्या पुरुषांना काकाजी.

एका सरकारी खात्यानं आपल्या संकेतस्थळाचं नवं रूप जाहीर केलंय आणि लोकांच्या सूचना मागवल्या आहेत, म्हणून मी इथं आलोय. सूचना मागवणारा मजकूर चांगला आहे, मनापासून लिहिलेला वाटतो. पण हे संकेतस्थळ जिथं रोज खरोखर उघडतं ती जागा ही आहे. कळ दाबणारा हा एकटा मुलगा, आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघणारे बाकड्यावरचे सगळे.

तो मला नवं रूप दाखवतो. पूर्वी जिथं परिपत्रकांची लांबलचक यादी होती तिथं आता योजनांची चित्रं आहेत. अक्षर लहान-मोठं करण्याची सोय वरच्या कोपऱ्यात आली आहे, मराठी-इंग्रजीची कळ आहे, शोधायचा चौकोन आहे, तळाशी माहिती शेवटची कधी बदलली त्याची तारीख आहे. ही सगळी कामं गेल्या वर्षभरात झपाट्यानं झाली. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारनं सगळ्या कार्यालयांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला आणि त्यात संकेतस्थळ सुधारण्याचं कलम आधी ठेवलं. पाठोपाठ दीडशे दिवसांचा ई-प्रशासनाचा कार्यक्रम आला. केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं तर 2009 पासून आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. संकेतस्थळ अंधांनाही वापरता आलं पाहिजे, नागरिकाला आपलं मत कळवता आलं पाहिजे, हे त्यांत आहे. पडद्याच्या उजव्या कडेला उभी केशरी पट्टी आहे, तिच्यावर लिहिलंय ‘आपला अभिप्राय’. दाबली की पाच चांदण्या, खाली विषयाची यादी, मग मजकुराचा चौकोन, मग मोबाईल क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी.

“हे कोणी भरते का?” मी विचारतो.

“माह्या समोर तरी कोणी नाही भरलं,” तो म्हणतो. “काम झालं का माणूस उठते. नाही झालं तरी उठते.”

पहिला माणूस आत येतो. पन्नाशीचा, पायात रबरी बूट, कोपरापर्यंत बाह्या वळवलेल्या. त्याला कापूस सरकारी खरेदीत घालायचाय. यंदा भारतीय कापूस महामंडळाला माल द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंद करावी लागते. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचं हे ॲप सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झालं. नोंद करायची, मंजुरी घ्यायची, मग जिनिंगवर माल नेण्याचा दिवस मोबाईलवरूनच ठरवायचा. कल्पना योग्य आहे. जिनिंगच्या फाटकापुढं दोन-दोन रात्री गाडी उभी ठेवणारे कास्तकार ह्या जिल्ह्यानं खूप पाहिलेत, त्यांच्यासाठी ठरलेली तारीख म्हणजे मोठा दिलासा. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, मध्यम धाग्याचा 7,710. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढं भाव उतरतो आणि बारा टक्क्यांवर माल घेतच नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं यवतमाळचा कापूस आधीच काळवंडलाय, त्यात परदेशी कापसावरचं आयात शुल्क डिसेंबर 2025 अखेरपर्यंत माफ केलेलं. खासगी बाजारात हमीभाव मिळत नाही. म्हणून प्रत्येकाला ही नोंद हवी आहे.

मुलगा त्याचा सातबारा उघडतो. गट दोन आहेत. एकावर कापूस, दुसऱ्यावर सोयाबीन.

“काकाजी, ह्या गटात सोयाबीन दिसते.”

“सोयाबीन? तिथं तर पऱ्हाटीच हाय न बाप्पा. चाल, दाखवतो.”

वावर दाखवून आता उपयोग नाही. सातबाऱ्यावर पीक चढतं ते ई-पीक पाहणीतून. ऑगस्टमध्ये शेजारच्या पोरानं ह्यांच्या मोबाईलवर दोन्ही गटांची पाहणी उरकून दिली. पाऊस होता, पोराला घाई होती, यादीत पीक निवडताना बोट खाली सरकलं. त्या एका चुकीची किंमत आज, चार महिन्यांनी, ह्या खुर्चीवर कळते आहे. त्या गटाचा कापूस आता गावात फिरणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जाणार, तो देईल त्या भावात.

ई-पीक पाहणीचा इतिहास मला इथं महत्त्वाचा वाटतो, कारण सरकारनं ऐकलं की काय होतं ते त्यात दिसतं. 15 ऑगस्ट 2021 ला ती राज्यभर सुरू झाली. तलाठ्यानं चावडीत बसून पेरा लिहायचा त्याऐवजी शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून फोटो काढायचा, हा मोठाच बदल होता. पहिल्या वर्षी चुकलेली नोंद सुधारायला वाव मिळेना. लोकांनी तलाठ्यांना, कृषी सहायकांना बोलून दाखवलं, आणि 2022 च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली तिच्यात ते बोलणं उतरलं होतं. केलेली नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली, गावातल्या सगळ्यांच्या नोंदी कुणालाही पाहता येऊ लागल्या, हमीभावानं विकायचं असेल तर तशी संमती तिथंच देता येऊ लागली. आणि ॲपबद्दल अभिप्राय द्यायची सोयही त्याच आवृत्तीत आली.

दुरुस्तीला दोन दिवस मिळतात हे ह्या काकाजींना आज कळतंय. ऑगस्टच्या त्या पावसात नोंद पूर्ण झाल्याचा संदेश त्यांच्या मोबाईलवर आला असेल, पण मोबाईल पोराच्या हातात होता. ते कागद गोळा करतात, घडी करून पिशवीत घालतात.

“मंग मले आधी काहून नाही सांगतलं?” ते मुलाला विचारतात, पण रागानं नाही. मुलगा खाली पाहतो. मी त्यांना सांगतो की अभिप्रायाच्या चौकोनात हे लिहिता येईल. ते माझ्याकडे बघतात. “लिहून त्या गटात पऱ्हाटी येते काय?”

येत नाही. पण पुढच्या खरिपात नोंद झाल्या झाल्या त्यांच्या फोनवर एक आवाज येऊन ‘तुमच्या गटात सोयाबीन लिहिलंय, बरोबर आहे का?’ असं विचारू शकतो. एवढी एक सोय कुणीतरी मागायला हवी. ती मागण्याचा अधिकार सगळ्यात जास्त ह्याच माणसाचा आहे, आणि त्याचं मत कुठंच पोचत नाही.

आता एक म्हातारा कोलाम आत येतो, सोबत सातवी-आठवीतली नात. पोडावरून चालत आलेत. कोलाम ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, आणि घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी जामणी ह्या पट्ट्यात त्यांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. आजोबा नातीशी कोलामीत बोलतात, नात मुलाशी मराठीत. पीएम-किसानचा हप्ता त्यांना आला नाही. 19 नोव्हेंबरला एकविसावा हप्ता निघाला, पोडावरच्या बाकीच्यांना दोन हजार मिळाले, ह्यांना नाहीत. मुलगा नोंदणी क्रमांक टाकतो. ई-केवायसी राहिलेली आहे.

अंगठा मशीनवर टेकवतात. उठत नाही. मुलगा फडक्यानं बोट पुसतो, थोडं तेल लावतो, पुन्हा टेकवतो. मी ते बोट जवळून बघतो. बोटाच्या टोकाला रेषा अशा नाहीतच. आयुष्यभर विळा धरून, माती उपसून, बोंडाच्या वाळलेल्या टोकदार पाकळ्यांतून कापूस ओढून कातडी गुळगुळीत झाली आहे. मध्ये पांढऱ्या चिरा आणि त्यांत काळी माती, धुवूनही न निघणारी.

“अंगठा राहू दे आजोबा. चेहऱ्यावर करू,” मुलगा म्हणतो आणि स्वतःचा मोबाईल त्यांच्यासमोर धरतो. चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय पीएम-किसानच्या ॲपमध्ये जून 2023 मध्ये आली. पडद्यावर गोल येतो, गोलात आजोबांचा चेहरा. डोळे मिटून उघडा, अशी सूचना येते. नात कोलामीत सांगते. आजोबा डोळे घट्ट मिटतात आणि मिटलेलेच ठेवतात. नात हसते, स्वतः पापण्या फडफडवून दाखवते. आजोबा तिच्याकडे बघून तसंच करतात. गोल हिरवा होतो.

झालं. ना अंगठा लागला, ना ओटीपी. ज्यानं ही सोय सुचवली, ज्यानं ती बांधली, त्या दिल्लीतल्या कुणा अनाम माणसाला हे दृश्य दिसायला हवं होतं असं मला फार वाटतं. आजोबा पाच चांदण्या दाबणार नाहीत. त्या पट्टीची त्यांना माहितीही नाही. चुकलेलं जसं वर पोचत नाही, तसं साधलेलंही पोचत नाही. नात मात्र जाता जाता मुलाला विचारते, “दादा, यात कोलामी येते का?” तो नाही म्हणतो. ती मान हलवते आणि आजोबांचा हात धरून पायरी उतरते. पट्टीवर नोंदवला जावा असा हा दिवसातला पहिला अभिप्राय, आणि तो एका शाळकरी मुलीनं उभ्या उभ्या दिला.

बाकड्यावर एक तरुण मोबाईलला बोलून विचारतोय, बोंडअळीवर आता फवारा मारू का. मे 2025 मध्ये आलेलं कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ ॲप त्याला मराठीत उत्तर देतं. शेजारची बाई कान देऊन ऐकते. बोलून विचारायचं, ऐकून समजायचं, ही वाट ह्या भागासाठी खरी. वाचता न येणारी माणसं बोलण्यात कुणाहून कमी नाहीत.

ती बाई आता खुर्चीवर बसते. वय चाळिशीच्या आसपास, पदर डोक्यावर, पदरात कापसाचे तंतू. पहाटे दोन ओळी वेचून आली आहे. तिला शेतकरी ओळख क्रमांक काढायचाय. अकरा अंकी हा क्रमांक 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांना सक्तीचा झाला. त्याच्याशिवाय तुषार संच नाही, बियाण्याचं अनुदान नाही, अवजार नाही. त्यात अर्जांची सोडतही बंद झाली, जो आधी अर्ज करेल त्याला आधी लाभ. वेचणीतून सुटून उशिरा येणाऱ्या बाईचा नंबर मागे लागतो, हे त्या नियमानं धरलेलंच नाही.

मुलगा गट नंबर विचारतो, पडद्यावर नाव येतं.

“मावशी, हे नाव कोणाचं?”

“सासऱ्याचं.”

“ते?”

“गेले. चार वर्सं झाली. मालक त्याच्या आधी गेले.”

मालक कसे गेले ते कुणी विचारत नाही. ह्या जिल्ह्यात ते विचारावं लागत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे ह्यांनी 19 मार्च 1986 ला कुटुंबासह जीवन संपवलं. ती राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. तेव्हापासून घर आणि वावर एकटीनं ओढणाऱ्या बायका गावोगाव आहेत. पेरणी त्यांची, फवारणी त्यांची, उधारी त्यांच्या नावावर. सातबाऱ्यावर मात्र अजून मेलेल्या पुरुषाचं नाव.

हे बदलायला सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, तीही अशीच खालून वर गेलेली. बुलढाणा जिल्ह्यात आधी करून पाहिली, पटली, मग 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर. मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावायची. मावशींनी अर्ज दिलाय, फेरफार व्हायचाय. तोवर पडदा पुढं जात नाही. मुलगा मागं जातो, पुन्हा येतो, बटईदार, ठेकेदार, कसणारी, असा काही रकाना आहे का ते पाहतो. नाही. जमीन कुणाच्या नावावर आहे एवढंच पडदा विचारतो, कसतं कोण ते विचारत नाही. मक्त्यानं जमीन करणारी कितीतरी माणसं अशीच बाहेर राहतात.

“नाही होत मावशी. फेरफार झाला का या.”

ती उठत नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहते.

“बाबू, पेरलं म्या, निंदलं म्या, पंप पाठीवर घेतला म्या. मी कास्तकार हावो का नाही, हे यात कुठं दाबा लागते?”

खोलीत कुणी बोलत नाही. मग मुलगाच खुर्ची पुढं ओढतो आणि केशरी पट्टीवर बाण नेतो. “थांबा मावशी. इथं लिहू.”

पाच चांदण्या येतात. त्या भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. “किती देऊ?” तो विचारतो. ती म्हणते, “तू पाह्य.” तो तीन भरतो. विषयाची यादी उघडतो, त्यात रचना, माहितीची अचूकता, तांत्रिक अडचण, इतर. तो ‘इतर’ निवडतो. मग लिहायला लागतो आणि मी त्याच्या खांद्यावरून वाचतो: ‘सदर महिला शेतकरी यांचे नाव अभिलेखात नसल्याने...’

“वाच बरं काय लिहिलं ते,” ती म्हणते.

तो वाचतो.

“मी असं कुठं म्हटलं?”

तो पुसतो. ती सावकाश सांगते, तो तसंच टिपतो, तिच्या बोलण्यात, पेरलं म्या, निंदलं म्या. चौकोनाखाली उरलेल्या अक्षरांचा आकडा कमी होत जातो. त्यात बसावं म्हणून तो एक वाक्य गाळायला बघतो, ती गाळू देत नाही, दुसरं गाळायला सांगते. शेवटी ती म्हणते, “आन लिव, जो कसते त्याच्यासाठी एक खोली ठेवा म्हना त्या कागदात.” तो लिहितो.

मोबाईल क्रमांक. तिचा आधारला जोडलेला नंबर तिच्या पोराकडे आहे, तो पुण्याकडे एका कंपनीत. फोन लावतात, उचलत नाही, पहिल्या पाळीत असेल. केंद्रचालक मग स्वतःचाच क्रमांक टाकतो. ओटीपी येतो, पावती क्रमांक येतो. तो क्रमांक तो एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात देतो.

मला हे फार खटकतं. उद्या कुणी अधिकारी हे अभिप्राय चाळेल तेव्हा त्याला एका केंद्रचालकाचा मोबाईल दिसेल. ह्या बाईचा आवाज त्याच्या नोंदीत तिचा म्हणून उमटणारच नाही. शिवाय तक्रारीला निदान मुदत असते. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर 2024 पासून ती 21 दिवसांची आहे. अभिप्रायाला उत्तर द्यायची मुदत इथं कुठं लिहिलेली दिसत नाही. खात्याला खरंच ऐकायचं असेल तर त्यानं खरिपाआधी एक माणूस ह्या बाकड्यावर आणून बसवावा, हातात वही देऊन, दोन बाजारचे दिवस. मंत्रालयातल्या पडद्यावर महिनाभरात जमणार नाही इतकं त्याला इथं दुपारपर्यंत मिळेल. आणि जे ऐकलं त्याचं काय केलं, ते त्यानं ह्याच भिंतीवर, दरफलकाच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत लावावं.

मावशी चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधते. “कोण वाचते हे?” ती विचारते.

“वाचतील,” मुलगा म्हणतो. मग थोडं थांबून, “मी महिन्यानं पुन्हा उघडून पाहतो. उत्तर आलं का फोन करतो तुम्हाला. शेजारचा नंबर द्या.”

ती नंबर सांगते, तो डायरीत लिहून घेतो. दारात मघाचे काकाजी उभे आहेत. ते घरी गेलेच नव्हते, चहा घेऊन परत आलेत.

“भाऊ, मायंही लिव न. दुरुस्तीले दोन दिवस कमी पडतात म्हना. आन फोनवर बोलून सांगत जा म्हना.”

“या, बसा.”

“माह्या मक्त्याच्या वावराचं बी लिवजो,” बाकड्यावरून कुणीतरी म्हणतं. तो बोंडअळीवाला तरुण उठून आत डोकावतो, त्याच्या मागं आणखी दोघे. मुलगा केशरी पट्टी पुन्हा उघडतो आणि हात वर करतो. “एकेकानं या. सगळ्यांचं लिहितो.”